लोकरबाईंचं तीन दिवसांचं सुतक

जगात पुष्कळ माणसांना पुष्कळ काही ठाऊक असतं. पण ज्या गल्लीत आपण एक दिवसही राहिलो नाही, त्या गल्लीतल्या कुठल्या घरात कोणाचा अबोला आहे, कोणाची सून कोणत्या पायरीवरून घसरली आणि कोणी कोणाच्या लग्नात कसला आहेर केला, हे झोपेतून उठवलं तरी सांगेल अशी बाई मी एकच पाहिली. त्या म्हणजे आमच्याच ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या चीफीणबाई. ती गल्ली इंग्लंडातली. म्हणजे तिथेही ती खरी नाहीच, टीव्हीवरच्या एका मालिकेतली आहे. लाल विटांची घरं, सदा पाऊस, आणि घराघरांत भांडणं. चीफीणबाईंची सून लग्न होऊन यायच्या आधीपासून ती मालिका चालू आहे आणि आता सुनेच्या केसांतही पांढरं दिसायला लागलं आहे.

त्यांचे यजमान बोटीवर चीफ इंजिनिअर होते. बोटीवरची माणसं त्यांना चीफसाहेब म्हणत, म्हणून आम्ही बायका यांना चीफीणबाई म्हणू लागलो. जन्मभर इंजिनाजवळ उभं राहून चीफसाहेबांचे कान गेले आहेत, त्यामुळे ते साधं 'साखर द्या' म्हणाले तरी खालच्या मजल्यावरच्या बाईला डबा काढावासा वाटतो. स्वभावाने मात्र गाय. चीफीणबाईंनी त्या मालिकेपायी त्यांचा इतका छळ मांडलेला, पण त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. एकदा मला म्हणाले, "वहिनी, माझ्या सख्ख्या आत्याचं नाव मला आठवत नाही. पण त्या गल्लीतल्या खाटकाच्या दुसऱ्या बायकोचं माहेर विचारा, सांगतो."

मी सिंगापूरला मुलाकडे आले ती नातवाला सांभाळायला. मुलगा आणि सून सकाळीच चांगी बिझनेस पार्कला जातात, नातू शाळेत जातो, आणि टॅम्पिनीसच्या या फ्लॅटमध्ये मागे राहते मी आणि कपडे वाळत घालायचे बांबू. मला पटकन कोणाशी बोलता येत नाही. सुरुवातीला तर लिफ्टमध्ये कोणी उभं असलं की मी काही विसरल्यासारखं करून मागे फिरायची. एके दिवशी अशीच फिरले, तर आतल्या बाईंनी दार धरून ठेवलं. पांढराशुभ्र अंबाडा, पायात कॅनव्हासचे बूट, अंगात पांढरा स्वेटर. सिंगापूरच्या उकाड्यात स्वेटर. त्यांनी माझ्या साडीकडे बघितलं आणि विचारलं, "गाव कुठलं?"

"वाईजवळ," मी म्हटलं.

"मग अशा चोरासारख्या काय फिरता? या आत. आणि आता घरी जाऊ नका, वर चला. लोकरबाईंकडे आज पाहुणे येणार आहेत."

लोकरबाई म्हणजे त्यांच्या कोणी जाऊ-नणंद असतील असं समजून मी पदर सारखा करून वर गेले. पाहुण्यांकडे रिकाम्या हाताने कसं जावं, म्हणून पिशवीतली केळी पुढे केली. चीफीणबाईंनी ती टीव्हीसमोर ठेवली.

अशी माझी लोकरबाईंशी ओळख झाली. त्या गल्लीच्या टोकाला त्यांचं लोकरीचं दुकान होतं. उंच, हडकुळ्या, ओठ घट्ट मिटलेले, आणि कोणाच्याही तोंडावर खरं बोलायला न भिणाऱ्या. त्यांचं इंग्रजी नाव मला कधी उच्चारता आलं नाही आणि चीफीणबाईंनी ते कधी उच्चारू दिलं नाही. त्यांनी सगळ्या गल्लीचं बारसं नव्याने केलेलं होतं. चार लग्नं मोडलेला एकजण होता, त्याचं नाव सोडचिठ्ठी. दारूच्या गुत्त्याची मालकीण होती ती अन्नपूर्णा, कारण तिथे भांडण झालं की ती दोघांपुढे जेवण ठेवी. मला इंग्रजीचं अक्षर येत नाही, तेव्हा चीफीणबाई शेजारी बसून सगळं मराठीत सांगत. एकदा पडद्यावर लोकरबाई दोन शब्द बोलून दार लावून गेल्या आणि चीफीणबाईंचं मराठी चहा गार होईपर्यंत चाललं. "ती म्हणते, तुझ्या आईने तुला नऊ महिने पोटात वागवलं ते काय यासाठी? आज तू तिला विचारत नाहीस, उद्या तुझी पोरं तुला विचारणार नाहीत, आणि मग येऊ नकोस माझ्याकडे रडत."

"एवढं सगळं दोन शब्दांत?" मी भीत भीत विचारलं.

"तोंड बघा ना वहिनी तिचं. शब्दांत काय असतं?"

त्यांचं इंग्रजीही त्या गल्लीतलंच. लग्नानंतर चीफसाहेबांची बोट इंग्लंडच्या एका बंदरात दुरुस्तीला बरेच महिने अडकली होती. धाकटी बहीण तिथे डॉक्टरांना दिलेली, म्हणून या तिच्याकडे राहिल्या. बाहेर पाऊस, घरात दोघी बहिणी आणि टीव्ही. इंग्रजी शिकल्या त्या लोकरबाईंच्या तोंडून. त्यामुळे खाली मार्केटमध्ये कोथिंबीर घेताना त्या चिनी भाजीवाल्या अंकलला कमरेवर हात ठेवून दरडावतात आणि त्या गल्लीच्या रीतीप्रमाणे वाक्याच्या शेवटी 'लव्ह' म्हणतात. तो बिचारा आधी लाजायचा. आता तोही "ओके लव्ह, कॅन ला", म्हणजे इथल्या बोलीत 'चालेल', म्हणून मिरच्या वर टाकतो. माझा नातू एकदा बरोबर होता. म्हणाला, "आजी, तिचं इंग्लिश टीव्हीवालं आहे ला." मी त्याला गप्प केलं, पण मनात म्हटलं, असेना, मिरच्या तर मिळतात.

मालिकेच्या दिवशी त्यांच्या घरी खिचडीच. देवाजवळ दिवा लावायचा, कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा आणि फोन पाटाखाली ठेवायचा, वाजला तरी ऐकू येऊ नये म्हणून. लोकरबाई आजारी पडल्या तेव्हा यांनी आमसुलाचं सार केलं आणि स्वतःच प्यायल्या. लोकरबाईंवर चोरीचा खोटा आळ आला तेव्हा आठवडाभर घरात गोड केलं नाही. चीफसाहेबांचा वाढदिवस त्यातच आला आणि त्यांना शिऱ्याऐवजी उपमा मिळाला. त्यांनी तो "बरोबर आहे, अशा वेळी कसलं गोड" असं म्हणून खाल्ला.

हे सगळं हसण्यासारखं आहे आणि आम्ही हसायचो. पण शनिवारी दुपारी धाकट्या बहिणीचा इंग्लंडहून फोन यायचा, तेव्हा मला हसू येत नसे. चीफसाहेबांना ऐकू यावं म्हणून तो फोन मोठ्या आवाजावर असायचा, त्यामुळे मला उठून जायच्या आधीच दोन-चार वाक्यं कानावर पडत. दोघी बहिणी फक्त मालिकेबद्दल बोलत. लोकरबाईंनी भाच्याला घरात घेतलं ते बरं केलं का, सोडचिठ्ठीला त्यांनी उंबऱ्यावरून हाकललं ते फार झालं का. मालिका तिकडे आधी दिसते आणि आमच्याकडे दोन-तीन दिवसांनी, पण धाकटीने पुढचं कधी सांगितलं नाही. तो त्यांचा नेमच होता. तब्येत कशी आहे, मुलं कशी आहेत, जेवलीस का, यातलं दोघींपैकी एकीनेही कधी विचारलं नाही. सख्ख्या बहिणी आणि एकमेकींना जेवलीस का विचारत नाहीत, हे मला चमत्कारिक वाटायचं. पण विचारायचं कसं?

सांगितलं शेवटी चीफसाहेबांनी, आणि तेही लिफ्टमध्ये. बरोबर दोन मलाय बायका भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या. चीफसाहेबांना वाटत होतं की ते माझ्या कानात सांगत आहेत. या दोघींची आई मिरजेला शेवटच्या दुखण्यात होती. मोठी इथून जाऊन तिच्या उशाशी बसली. धाकटीला आठवा महिना होता, आधीची दोन मुलं राहिली नव्हती, आणि विमानात पाय ठेवू नको असं तिच्या डॉक्टरांनी बजावलेलं. मोठीने ठरवलं, कळवायचं नाही. आई गेली, दिवस झाले, तिकडे बाळंतपण नीट पार पडलं, आणि मग कळवलं. धाकटी फोनवर एवढंच म्हणाली, "आई माझीही होती. तू ठरवणारी कोण?" त्यानंतर बोलणं बंद. "पण वहिनी," चीफसाहेब म्हणाले, "मालिकेच्या कॅसेटी ती भरून पाठवायची तशाच पाठवत राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्या बोटवाल्यांबरोबर. आत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. नुसती कॅसेट." पुढे तोच पोटातला मुलगा मोठा होऊन कामासाठी सिंगापूरला आला, आईला न विचारता मावशीकडे जेवायला आला आणि ही मालिका कॉम्प्युटरवर कशी लावायची ते दाखवून गेला. पुढच्या शनिवारी धाकटीचा फोन आला. इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य काय, तर "दिसते का नीट?" लिफ्टचं दार उघडलं. त्या मलाय बायकांना शब्द कळला नसणार, पण उतरताना एकीने माझ्या दंडाला हात लावला.

मागच्या वर्षी लोकरबाईंचं काम करणारी नटी वारली. खूप वय झालेलं होतं. मालिकेत मात्र लोकरबाई गेल्या नाहीत. कोणी दुकानात विचारलं की गल्लीतले लोक सांगायचे, त्या समुद्राकाठी विश्रांतीला गेल्या आहेत. असं बरेच महिने चाललं. चीफीणबाई प्रत्येक भाग बघायच्या आणि दर वेळी म्हणायच्या, "आज तरी नाही." आता त्या मराठी करून सांगायच्याही कमी झाल्या होत्या. एका दुपारी मी त्यांच्याकडे मेथी निवडत होते. त्यांनी जुडी हातात घेतली आणि तशीच धरून बसल्या.

"वहिनी, हे लोक फार दिवस लपवणार नाहीत. एक दिवस सांगूनच टाकतील."

"टाकू देत," मी म्हटलं. "नटीबाई तर गेल्याच. आता त्याचं काय?"

"त्याचं नाही हो. त्या गल्लीत बाकीच्यांशी धाकटीला काही देणंघेणं नाही. तिला फक्त लोकरबाई. आमच्या आईचं बसणं तसंच होतं, ओठ मिटून. आम्ही हे एकमेकींना कधी बोललो नाही, पण दोघींना माहीत आहे." मग म्हणाल्या, "त्या गेल्या की आमच्याकडे बोलायला काय राहतं? शनिवारी फोन करून ती काय विचारील? आणि मी काय सांगीन?"

मी मेथी निवडत राहिले.

पुढच्याच आठवड्यात, वार शनिवार नव्हता, तरी फोन वाजला. मी तिथेच होते. आधी मला वाटलं तिच्या मुलाचं काही झालं असेल, कारण धाकटीचा आवाज बसलेला होता.

"ताई, पुढचं सांगायचं नाही असं आपलं आहे. पण आज सांगते."

"सांग," चीफीणबाई म्हणाल्या.

"त्या जातात. परवा तुझ्याकडे दिसेल. झोपेत जातात, त्रास काही होत नाही. पण तू एकटी बघू नकोस. मालिका बघायला त्या वाईच्या वहिनी येतात ना, त्यांना बोलावून घे."

"बरं."

"तुला आधी कळायला हवं, म्हणून केला फोन. नंतर कळलं की माणसाला काही करता येत नाही गं."

तिकडून फोन ठेवला गेला. चीफसाहेबांनी विचारलं, "काय म्हणाली?" तेव्हा त्या म्हणाल्या, "कळवलंन मला." एवढंच. आणि आत जाऊन बराच वेळ नळ सोडून तोंड धुत राहिल्या.

परवाच्या दिवशी मी गेले. चीफसाहेबांनी खुर्ची जवळ ओढून घेतली होती. काय झालं ते मला फारसं सांगता येणार नाही, कारण चीफीणबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. पडद्यावर एक खोली, पलंग, पडदा ओढलेला, आणि शेजारीण दारातून हाका मारते आहे. मग दुकानाच्या काचेवर कोणीतरी कागद चिकटवला. कागदावरचं मला वाचता आलं नाही, पण कळलं. संपल्यावर चीफीणबाई उठल्या, डोक्यावरून आंघोळ करून आल्या आणि देवाजवळचा दिवा न लावता बसल्या. चीफसाहेब म्हणाले, "अगं, दिवा?"

"सुतक आहे," त्या म्हणाल्या. "तीन दिवस."

चीफसाहेब माझ्याकडे बघायला लागले. त्या तीन दिवसांचा मला घोर लागला. परक्याचं कोणी सुतक धरत नाही आणि घरच्याचं दहा दिवस धरतात. तीन दिवस धरते ती लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली लेक, आईबापाचं.

इथल्या आम्हा मराठी बायकांचा एक गट आहे. चैत्राचं हळदीकुंकू त्याच आठवड्यात जुरोंग ईस्टला होतं. तिथल्या बाईंनी डाळ किती भिजवू विचारायला फोन केला, तर चीफीणबाईंनी सांगितलं की मला यायचं नाही, सुतक आहे. "अगंबाई, किती दिवसांचं?" "तीन." फोन ठेवला. तीन म्हटल्यावर बायकांनी जो हिशेब करायचा तो बरोबर केला, आणि चीफीणबाईंच्या आई मिरजेला वारल्या असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिघीजणी जुरोंग ईस्टहून एमआरटीच्या लोकलने, म्हणजे सिंगापूरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मांडीवर पिठलं-भाताचे डबे धरून आल्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, ते इथे गॅस असला तरी चुकत नाही. पांढऱ्या-फिक्या साड्या नेसून, कुंकवाचं बोट बारीक करून आलेल्या. त्यांतल्या सगळ्यात मोठ्या बाई चीफीणबाईंचा हात हातात घेऊन बसल्या.

"आईंचं वय काय होतं हो?"

चीफीणबाई म्हणाल्या, "बहात्तर."

"दुखणं होतं?"

"होतं ना. महिना-दीड महिना."

मी कोपऱ्यात बसून साडीचा काठ मोजत होते. एवढ्यात चीफसाहेब पाण्याचे पेले घेऊन आले आणि आपल्या मते हळूच म्हणाले, "नाही हो, तशी काही काळजी नाही. ती मालिकेतली लोकरीच्या दुकानातली बाई गेली, तिचं धरलं आहे हिने."

तिघींतली सर्वांत तरुण मुलगी एका बँकेत काम करते, खास अर्धी रजा काढून आली होती. तिचे खांदे हलायला लागले. तिने पदर तोंडात कोंबला. मोठ्या बाईंनी तिच्या गुडघ्याला चिमटा काढला, पण त्यांचीही हनुवटी थरथरत होती. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी.

चीफीणबाईंनी मात्र काही मनावर घेतलं नाही. त्या शांतपणे बोलायला लागल्या. "ओठ असे मिटून बसायची. खोटं खपायचं नाही. शेवटी अन्न जात नव्हतं, मी चमच्याने ताक पाजत होते. पहाटे म्हणायची, खिडकी उघड, गाडीचा आवाज आला. गाडी कुठली? कोणी येणारच नव्हतं. मी कोणाला कळवलंच नव्हतं." तिसरी बाई हळूच मला म्हणाली, "हे मालिकेत आहे?" मी मान हलवली, नाही. त्या तरुण मुलीने पदर तोंडातून काढला. मोठ्या बाई उठल्या, स्वयंपाकघरात जाऊन ताटं घेऊन आल्या, पिठलं-भात वाढला आणि म्हणाल्या, "जेवा. आम्ही पण बसतो तुमच्याबरोबर." आईच्या सुतकातलं जेवण कधीचं राहिलं होतं, ते तिथे झालं असं मला वाटलं.

तीन दिवस संपले आणि शनिवार आला. चीफीणबाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. फोन समोर ठेवून आम्ही तिघं बसलो. नेहमीची वेळ झाली. टळून गेली. चीफसाहेबांनी फोन चालू आहे का ते उलटसुलट करून बघितलं. चीफीणबाई म्हणाल्या, "राहू द्या. आता ती कशाला करील?" आणि चहाच्या कपबशा उचलायला उठल्या, तेव्हा वाजला.

"ताई, जेवलीस का?"

चीफीणबाई कपबशा हातात तशाच घेऊन उभ्या राहिल्या. "जेवले. तू?"

"आमची आत्ता सकाळ आहे. ताई, मी एक विचारू? आईने शेवटी काय म्हटलं होतं?"

मी उठायला लागले. चीफीणबाईंनी माझा पदर धरून मला खाली बसवलं. त्यांनी मला तसं का बसवलं असेल, कोण जाणे. एकट्याने सांगण्यासारखं ते नसेल.

"तुझं विचारत होती," त्या म्हणाल्या. "धाकटी आली का, म्हणून. दोनदा विचारलंन."

त्यांनी माझा पदर आणखी घट्ट धरला.

"मी सांगितलं, निघाली आहे. विमानात बसली आहे, पोचेलच. खोटं सांगितलं. तुला कळवलं नाही ते एक, आणि आईशी खोटं बोलले ते दुसरं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. यांनाही नाही."

मग धाकटीने विचारलं, "म्हणजे तिला वाटलं, मी येते आहे?"

"हो."

"मी येते आहे असं समजूनच गेली?"

"हो गं. दाराकडे बघत होती. पण रडली नाही. माझ्या लेकीला पांघरूण काढून ठेव म्हणाली, विमानात थंडी असते."

"बरं केलंस, ताई," धाकटी म्हणाली. आणि मग दोघीही रडायला लागल्या, मोठमोठ्याने, लहान मुलींसारख्या. चीफसाहेबांना ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही, पण त्यांनी उठून चीफीणबाईंच्या हातातल्या कपबशा काढून घेतल्या. मी पदर सोडवून घेतला आणि दार हलकेच ओढून बाहेर आले.

मालिका अजून चालू आहे. लोकरीच्या दुकानात आता कोणीतरी केस कापायचं दुकान थाटलं आहे म्हणे. चीफीणबाई बघतात, पण मध्येच उठून फोडणी करून येतात. येत्या दिवाळीला धाकटी इकडे येणार आहे आणि मग दोघी मिरजेला जाऊन येणार आहेत. शनिवारी मी आता वर जात नाही. त्यांचं बोलणं लांबत जातं, तिथे आपण कशाला? सून म्हणते, आई, तुम्ही शनिवारच्या फार गप्प असता. तशी काही मी गप्प नसते. शेंगा सोलते, नातवाचे कपडे घडी करते. वर अकराव्या मजल्यावर दोन म्हाताऱ्या बहिणी आपल्या आईबद्दल बोलत असतील, हे मध्येच मनात येतं, आणि मग हात जरा हळू चालतात.